कुंताच्या मांडीवरचं मडकं

मासोळीचं बी, म्हणजे तलावात सोडायची पिल्लं, सायकलवरून आणायचं, आणि मागे मांडीवर मडकं घेऊन बाई बसणार, हे कळल्यावर पळसटोल्याच्या ढिवरपुऱ्यात दोन दिवस हसणं चाललं होतं. हसत नव्हती ती एकटी कुंता. मागे बसणार होती तीच.

हसणारेही आतून धास्तावलेलेच होते. मालगुजारी गेली, पाच-सहा वर्षं कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले, आणि या साली कुठे गावचा तलाव मासेमार ढिवरांच्या चौदा घरांच्या हाती आला. आला तो रिकामा. जुन्या मालकाच्या माणसांनी उन्हाळ्यातच त्यात शेवटचं जाळं फिरवून घेतलं होतं. आता पावसाळ्यात रोहू-कतल्याची पिल्लं सोडली तरच पुढे मासे. पिल्लं मिळायची वैनगंगेच्या काठी, आरमोरीच्या वरच्या अंगाला, पूर ओसरल्यावर मागे राहिलेल्या डबक्यांत. तिथून पळसटोला चौदा मैल.

तीस वर्षं हे काम कुंताच्या सासऱ्याने, लटारूने केलं होतं. खांद्यावर कावड, दोन टोकांना दोन मडकी, आणि रात्री निघून सकाळी गावात. यंदा त्याचे गुडघे सुजले आणि तो खाटेवरून उठेना. मग ढिवरांच्या सोसायटीचा मुखिया मुखरू याने बैलगाडी जुंपली. गाडी नाल्यात रुतली, ऊन चढलं, आणि पिंपातली झाडून सगळी पिल्लं पोट वर करून गावात पोचली. त्याला आठ दिवस झाले होते. नदी निवळत चालली होती. डबक्यांत आता जेमतेम एका मडक्यापुरती पिल्लं होती. ती मेली की तलाव वर्षभर नुसता पाण्याचा.

“सायकल काऊन नाई?” असं कुंता दाराआडून बोलली तेव्हा बैठकीतल्या पुरुषांच्या माना दाराकडे वळल्या. तिचा नवरा इस्तारी आरमोरीच्या धानगिरणीत दोन वर्षं हमाली करून आला होता आणि येताना एक जुनी सायकल घेऊन आला होता. तिला ब्रेक नव्हते. थांबायचं तर तो टाच चाकाला लावायचा.

“सायकलवर बी?” मुखरू म्हणाला. “मंग पोस्टातच टाक ना बाई. टपालवाला आनून देईल.”

“मडकं मी धरतो. मांडीवर. पोरीले धरतो तसं,” कुंता म्हणाली.

“पोरगी दुखलं-खुपलं तं रडते. मासोळी रडनार नाई, कुंता.”

पण दुसरा उपाय कोणाकडेच नव्हता.

दिवस उजाडता उजाडता नदीकाठी मडकं भरलं. बोटाच्या पेराएवढी पिल्लं, चारशेच्या आसपास असतील. तोंडाला ओलं फडकं बांधलं. कुंता कॅरिअरवर एका अंगाला बसली, पाय लोंबते, मडकं दोन्ही हातांच्या कवेत. आठ महिन्यांची पोर तिने सासूजवळ ठेवली होती आणि दुपारच्या आत परतायचं ठरवलं होतं.

पहिले पाच मैल जंगलातली पायवाट. सागाची मुळं वाटेवर आडवी पसरलेली, मधे मधे मुरमाचे खड्डे. दर मुळागणिक सायकल उडायची आणि कुंताचा जीव वर यायचा. मडक्यातलं पाणी डुचमळून फडक्यातून तिच्या लुगड्यावर सांडत होतं.

“जरा हळू ना,” ती दर दहा हातांवर म्हणत होती.

“हळू केलं तं पडून जाऊ. तू मडकं धर, मी रस्ता धरतो.”

दोनदा तिने उतरून फडकं उचलून पाहिलं. पिल्लं तळाशी सुळसुळ फिरत होती. तरी तिचं समाधान होईना. एवढे धक्के खाऊन ती कशी जगतील, हेच मनात. सडक कधी लागते असं तिला झालं होतं.

सडक लागली तेव्हा तिने देवाला हात जोडले असते, पण हात मोकळे नव्हते. गेल्या उन्हाळ्यात सरकारने या सडकेवर खडी घालून रोलर फिरवला होता. सहा मैल सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना रोवणी झालेली धानाची बांधी, बांधांवर मोहाची झाडं. कडेला सडकेच्या गँगचा मुकादम बाबुलाल आपल्या माणसांना घेऊन गटार मोकळं करत होता. त्याने मडक्याकडे पाहिलं.

“काय वहिनी, दही नेऊन राह्यल्या का?”

“मासोळीचं बी हाये, भाऊ.”

“मंग जा आरामात. या सडकेवर भरल्या वाटीतलं पानी हालनार नाई. मी सोता रोलरमागं चाललो हावो.”

आणि खरंच हललं नाही. इस्तारीचे पाय सहज फिरू लागले, तो शीळ घालू लागला. वारा तोंडावर येत होता. कुंताने तरी आपला पदर दुमडून मडक्याखाली घातला, मडकं पोटाशी घट्ट धरलं, सायकल जराशी डुलली तरी ती स्वतः उलट्या अंगाला झुकून मडकं सरळ ठेवी. झोपलेलं पोर घेऊन बसावं तशी ती बसली होती. सकाळपासून पहिल्यांदा तिची छाती हलकी झाली.

दोनेक मैलांवर तिने सहज फडकं उचललं.

तळाशी एकही पिल्लू नव्हतं. सगळी वर आली होती. पाण्याच्या तोंडाशी शेकडो बारीक तोंडं उघडत होती, मिटत होती.

“थांबवा,” ती म्हणाली.

इस्तारीने टाच लावली. त्याने आत पाहिलं आणि त्याची शीळ बंद झाली. “उन्हानं होईल,” तो म्हणाला. सायकल मोहाखाली सावलीत घेतली. मडकं जमिनीवर ठेवलं, बाहेरून ओलं केलं. दोघं वाकून पाहत राहिले. सावलीत तोंडं आणखी भराभर उघडू लागली. एक पिल्लू कलंडलं. मग दुसरं.

“मेली वो,” कुंता म्हणाली.

“सडक चांगली हाये. जोरात मारतो. चार मैल तं राह्यले, मंग गावाची वाट.”

“चार मैल नाई टिकनार.”

“मंग काय करू? इथीच बसून पाहू?” इस्तारी एवढ्या जोरात कधी बोलत नसे.

कलंडलेली पिल्लं काढायला कुंताने हात पाण्यात घातला. हात वर आला तशी ओंजळीतून पाण्याची धार परत मडक्यात पडली. धार पडली तिथे पिल्लं जमली. तिने पुन्हा ओंजळ उचलली, जरा उंचावरून सोडली. पुन्हा तिथेच गर्दी. चार-दोन तर खाली बुडी मारून गेली.

ती तशीच ओंजळी सोडत राहिली आणि डोकं चालू लागलं. जंगलात तेवढे हिसके बसले तरी पिल्लं तळाशी खेळत होती. सपाट सडकेवर मरायला टेकली. मामाजी, तिचे सासरे, कावड घेऊन यायचे ते कधी चालत नसत, दुडक्या चालीने धावत यायचे. तिच्या लग्नाच्या पहिल्या साली तिने ते पाहिलं होतं, मडकी खालीवर नाचत असत. ती चाल ओझ्याची असेल असं सगळे समजत. मामाजीही तसंच समजत.

“यांले हालतं पानी लागते,” ती म्हणाली. “मी धरून ठेवलं. मीच.”

“काय बोलून राह्यली तू?”

“सडक सोडा. बाजूनं बंडीची चाकोरी हाये ना, तिच्यात घाला सायकल.”

इस्तारीने बैलगाडीच्या चाकोरीकडे पाहिलं. वाळलेल्या चिखलाचे टणक उंचवटे, मधे दगड. “मडकं फुटलं तं?”

“फुटलं तं फुटलं. असंही मरूनच राह्यले.”

सायकल चाकोरीत उतरली. कुंताने पदर मडक्याखालून काढून टाकला, तोंडावरचं फडकं सोडलं. एका हाताने काठ धरला, दुसऱ्याने पाणी उचलून सोडू लागली. प्रत्येक धक्का कमरेतून डोक्यापर्यंत जात होता. मडक्याचा काठ बरगडीवर आदळत होता. एकदा पुढचं चाक दगडावरून घसरलं आणि सायकल आडवीच व्हायची. इस्तारीने दोन्ही पाय टेकले, कुंता घोट्यावर आपटली, मडकं तिने छातीवर झेललं. पाण्याचा पाचवा हिस्सा गेला. ती उठून पुन्हा बसली. रडायला सवड नव्हती.

शेजारून एक गाडीवान सपाट सडकेवरून आरामात चालला होता. त्याने बराच वेळ या दोघांकडे पाहिलं.

“अरे भाऊ, सडक तिकडं नाई, इकडं हाये.”

“मालूम हाये,” इस्तारी म्हणाला आणि पायडल मारत राहिला.

मैलभराने तिने मडक्यात वाकून पाहिलं. वर थोडी तोंडं होती. खाली अंधारात काहीतरी फिरत होतं. किती, ते कळेना. तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही, उगाच त्याचा पाय ढिला पडेल म्हणून.

तलावाच्या पाळीवर चौदाही घरची माणसं उभी होती. कोणी हसलं नाही. कुंताचं लुगडं ओलं, दूध दाटून छाती दुखत होती, घोटा सुजलेला. मुखरूने मडकं घेतलं, तलावाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून धरलं, ओंजळी-ओंजळीने आत तलावाचं पाणी घातलं आणि हळूच कलतं केलं. मेलेली आधी बाहेर आली, पांढरी, काठाला लागली. कोणीतरी मोजू लागलं, साठावर जाऊन थांबलं. बाकीची गढूळ पाण्यात गेली. गेली म्हणजे जगली, की पुढे जाऊन मेली, हे पाणी सांगत नव्हतं.

“आता घरी चाल,” मुखरू म्हणाला. “पोरगी रडून राह्यली.”

ती गेली, पोरीला पाजलं, आणि दिवस मावळेपर्यंत चार वेळा पाळीवर येऊन काठाचं पाणी पाहून गेली. रात्री झोप नव्हतीच. इस्तारी कुशीवर वळून म्हणाला, “निज ना. पाहून काय जगनार हायेत का?”

“मले मालूम हाये,” ती म्हणाली आणि जागीच राहिली.

उजाडताच ती पाळीवर आली. काठाला कालच्यापेक्षा जास्त काही पांढरं नव्हतं. उथळ पाण्यात एक बगळा उभा होता. रिकाम्या तलावावर महिनाभरात एकही बगळा उतरला नव्हता. त्याने मान वाकडी करून बराच वेळ पाण्यात पाहिलं, चोच मारली आणि चोचीत काहीतरी चांदीसारखं वळवळलं.

कुंताने वाकून मोठंसं ढेकूळ उचललं आणि दुखऱ्या पायानेच बगळ्यामागे धावली.