डिक्कीवरचं नाव

‘सरूबाई’मधल्या ‘बा’चा काना निम्म्यात तुटला आणि माझा हात थांबला.

गाडी निफाडची, लाल रंगाची. डिक्कीवर पांढऱ्या रेडियमची अक्षरं होती, ‘सरूबाईची पुण्याई’. गाडीवर चिकटवतात त्या अक्षरांना आमच्याकडे रेडियमच म्हणतात. गाडी विकायची ठरली होती. घेणारे घोटीचे, दुपारी न्यायला येणार होते. नाव निघालं पाहिजे आणि रंगावर ओरखडा नको, नाहीतर सौदा मोडला, असं त्यांनी बजावलं होतं. सरूबाई स्वतः मुलाबरोबर आल्या होत्या. पंचवटीतल्या आमच्या वॉशिंग सेंटरवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत होत्या.

“तुटलं व्हय गं?”

मी मान हलवली. मला पटकन बोलायला जमत नाही.

“तुटू दे. पण पातं लावू नको, पोरी. जित्या माणसाचं नाव पात्यानं खरवडत नाय.”

मुलगा म्हणाला, “आई, नाव काढायलाच आलोय ना आपण?”

“माझे गुडघे दुमडत नाय म्हणून ही विकून तू उंच गाडी घेतोय. मग माझं ऐक की.”

पातं मी तसंही लावत नाही. त्याने रंगावरचा चकाकीचा थर जातो. आमचे मालक राजूभाऊ यांनी वहिनींचा जुना हेअर ड्रायर आणून ठेवलाय. त्याने अक्षर हाताला सोसेल एवढं गरम करायचं. खालचा गम सैल होतो. मग नखाने कोपरा उचलायचा आणि वर न ओढता मागे दुमडत न्यायचा. तुटलेल्या कान्याखालून मी नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवला. उरलेल्या गमवर खोबरेल तेल लावून ठेवलं.

“फणसाच्या चिकाला बी तेलच लागतं,” सरूबाई म्हणाल्या.

तेल पुसलं, शॅम्पूने धुतलं, कापड फिरवलं. आणि बघते तर नाव तिथेच!

मला वाटलं, गम राहिला. बोट फिरवलं. काचेसारखं गुळगुळीत. मग कळलं. इतक्या वर्षांच्या उन्हाने सगळी गाडी विटली होती, पण अक्षरांखाली ऊन पोचलंच नव्हतं. तिथे शोरूममधून आली त्या दिवशीचा लाल रंग तसाच होता. मी वाकून एकेक अक्षर बघितलं. ऊन एवढं नेमकं काम करतं, कान्यामात्रेसकट.

“कंपाऊंड मार,” राजूभाऊ म्हणाले. कंपाऊंड म्हणजे खरखरीत पॉलिश. त्याने विटका थर घासला जातो. मी हलक्या हाताने मारलं. नाव फिकं झालं, गेलं नाही.

“भाऊ, अजून घासलं तर रंग जाऊन खालचा प्रायमर दिसेल.”

त्यांनी बोट लावून पाहिलं. “बस कर मग.”

तेवढ्यात घोटीचे आले. “हे काय? नाव तर हाये!”

“हात लावून बघा, साहेब. रेडियम निघालंय,” राजूभाऊ म्हणाले.

“पण वाचता येतंय ना! लोकं विचारतील, सरूबाई कोण?”

“मी,” खुर्चीतून आवाज आला. “तुझ्या घरी कोण हाय?”

“पोरगी. वेदिका.”

“मग तिचं नाव लाव की माझ्यावर. मी काय उठून बसणार नाय.”

ते हसले. सरूबाईंच्या मुलाने सोडलेला श्वास मला इकडे ऐकू आला. शेजारच्या रेडियमवाल्याकडून काळी रुंद पट्टी आली, वर पांढऱ्यात ‘वेदिका’. साबणाच्या पाण्यावर पट्टी सरकवून बुडबुडे मीच काढले. किल्ली त्यांच्या हातात गेली.

गाडी वळून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. पट्टीखाली आता ऊन पोचणार नाही. बाकीची गाडी अजून विटत जाईल आणि सरूबाईंचं नाव आत तसंच लाल राहील. वेदिकाची पट्टी कधी काढली, तर ते आजच्यापेक्षा ठळक दिसेल.

तेव्हापासून जुनी गाडी आली की मी आधी दार उघडून ऊन न लागलेल्या आतल्या कडेचा रंग बाहेरच्या रंगाशी ताडून बघते. फरक दिसला तर गिऱ्हाइकाला सांगते, “नाव निघेल, जागा निघणार नाही.” एवढं वाक्य मला न अडखळता बोलता येतं.