भाऊबिजेचा कोयता

"सकाळची धार कुणाचीबी चालती. सांजची दाव," असं नव्या कोयत्यालाच बजावून आक्का पदर खोचायच्या आणि परसात उतरायच्या.

महायुद्धाच्या दिवसांत मी टिळकवाडीत त्यांच्याकडे भाड्याने राहत होतो. तुमच्याही शेजारी अशी एखादी असेल, जिला सगळी गल्ली आक्का म्हणते आणि जिला सगळी गल्ली टरकून असते.

त्यांचा धाकटा भाऊ खानापुराकडे लोहारकाम करायचा. भाऊबिजेला इतरांच्या बहिणींना लुगडं मिळतं. आमच्या आक्का हट्टाने कोयता घ्यायच्या. आणि मग त्या कोयत्याचे हाल कुत्रा खात नसे. दिवसभर घाणेरीची झुडपं, वाळका बांबू, नारळाच्या झावळ्या. मध्ये दगडावर धार लावायची नाही. दिवेलागणीला त्यानेच केळीचं पान कापायचं. पान न फाटता कापलं गेलं तर कोयता पास, आणि त्याच पानावर भावाला जेवण. भाऊ तोवर पडवीत विड्या ओढत निकालाची वाट बघायचा. त्याचा कोयता कधी नापास झाला नव्हता आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

त्या वर्षी मात्र दुपारीच बांबूवर धार वळली. आक्कांनी बोट फिरवून पाहिलं, मग पडवीकडे पाहिलं. भावाची नजर अधू झाली होती. ज्या रंगावर लोखंड भट्टीतून काढून पाण्यात बुडवायचं, तोच त्याला नीट दिसत नव्हता, म्हणून धार कच्ची राहिली होती. आता बिचाऱ्याची खैर नाही, असं मला वाटलं.

आक्का उरलेली झुडपं त्याच बोथट कोयत्याने झोडपत राहिल्या. दिवे लागल्यावर तो कोयता मिरवत केळीच्या आड गेल्या आणि तिथे लपवलेल्या विळ्याने सपकन पान कापलं. मी बघतोय हे दिसताच मला डोळ्यांनी दटावलं.

"बघ रं, कसं कापलंय," म्हणत त्यांनी भावापुढे पान मांडलं.

त्याने पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"आक्का, विळ्यानं कापलंस व्हय?"

"गप जेव."

तो मान खाली घालून जेवू लागला. डोळे दोघांचेही भरले होते. जरा वेळाने म्हणाला, "पुढल्या साली उलथणं आणतो. त्याला धार लागत न्हाय."

"आण. पर जड कर. हलकं मला चालत न्हाय."

यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

आक्का गेल्या तेव्हा चुलीमागे त्याची उलथणी ओळीने टांगलेली होती. एकाचीही परीक्षा त्यांनी कधी घेतली नाही.