उभ्यानं लिहिलेला अर्ज

तुळशीराम मास्तरांच्या घरी इंग्रजीला तीन जागा होत्या. बोलायची इंग्रजी शिकवताना ते खाटेवर मांडी घालत. कचेरीच्या इंग्रजीसाठी काळी टोपी चढवून डेस्कासमोर बसत. पुस्तकातली इंग्रजी मात्र उभ्यानं, हात मागं बांधून. गोंदियाच्या एका शाळेत ते मास्तर होते आणि संध्याकाळी माझ्यासारख्या मॅट्रिक नापासांना फुकट शिकवत.

“बोलायची इंग्रजी अर्जात लिहिशील त साहेब हासंल,” ते म्हणत. “पुस्तकातली लिहिशील त नाही हासनार. ध्यानात ठेव.” मला हा त्यांचा चक्रमपणा वाटे. पण त्याच शिकवणीवर मी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून झालो.

लढाईचे आणि चळवळीचे दिवस होते. रोज कोणी ना कोणी पकडलं जाई. अशात एक डबा रुळावरून घसरला आणि आमच्या गोऱ्या साहेबानं रुळांचे सांधे बदलणाऱ्या सुखरामला चौकशी न करताच काढून टाकलं. सुखराम मास्तरांकडे गेला. गावाचे अर्ज तेच लिहीत. त्या संध्याकाळी मी पोचलो, तेव्हा टोपी खुंटीवर होती आणि मास्तर खिडकीच्या फळीवर कागद ठेवून उभ्यानं लिहीत होते.

“मास्तर, अर्ज ना हा?”

“अर्जच. त्याचं काही न आयकता हाकललं त्याले. कायले हात जोडू मी?”

मी खुंटीवरची टोपी काढून त्यांच्यापुढं धरली, पण ते लिहीतच राहिले.

तिसऱ्या दिवशी तो अर्ज साहेबाच्या टेबलावर होता. चार पानं, खाली सुखरामचा अंगठा. ‘आपला नम्र सेवक’ कुठंच नाही, सगळा न्याय आणि हक्क. साहेबानं तो दोनदा वाचला. आता ओरडणार, असं वाटलं. त्यानं मला खुर्ची दिली. तोवर त्यानं माझं नावही विचारलं नव्हतं. आज तिरोड्याचं माझं घर, आई, यंदाचं धान, सगळं विचारलं. मी न अडता बोलत गेलो. साहेबाशी गप्पा मारतोय, या आनंदात मी वेडा झालो होतो.

“किती छान बोलतोस! तुमच्या गावात इतकं चांगलं इंग्रजी कोण शिकवतं?”

मी छाती फुगवून मास्तरांचं नाव सांगितलं. त्यानं ते अर्जाच्या समासात लिहून घेतलं आणि मला जायला सांगितलं. दारापर्यंत पोचेतो मला कळलं, अर्ज कोणी लिहिला एवढंच त्याला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मास्तरांना चळवळ्या म्हणून धरलं. सुखरामची नोकरी गेली ती गेलीच. मास्तरांना गाडीनं तुरुंगात नेत होते, तेव्हा मी धावत फलाटावर पोचलो.

“मास्तर, तुमचं नाव मीच सांगितलं.”

ते माझ्याकडे वळले. शिपायानं त्यांचा दंड ओढला.

“इंग्रजीत सांगितलं?”

“हो.”

“अडखळला त नाही?”

“नाही.”

“मंग ठीक,” म्हणाले आणि डब्यात चढले.

ते तुरुंगातच हिवतापानं गेले. माझी इंग्रजी फार छान आहे, असं लोक आजही म्हणतात. म्हणू नये.