रिकाम्या विमानाचं वजन

गल्लीत त्याला सगळे वाइंडर म्हणत. जळालेला पंखा, अडकलेला मिक्सर, धूर सोडलेला पंप, काहीही त्याच्या दुकानात यायचं आणि तो आतली काळवंडलेली तार काढून नवी भरून द्यायचा. पस्तीस वर्षं हेच काम. आणि या माणसाला उडायचं होतं. तिकीट काढून खिडकीशी बसायचं, असलं मिळमिळीत उडणं नव्हे. त्याला स्वतःचं विमान हवं होतं, आणि तेही स्वतःच्या हाताने तार भरलेल्या मोटारीवर चालणारं.

तुम्ही त्याला वेडा ठरवण्याआधी सांगून टाकतो: तो वेडा नव्हता, चिकट होता. त्याने आधी सगळी चौकशी केली होती. तयार विमान घ्यायचं तर राहतं घर विकावं लागलं असतं, मग विमानाच्या पंखाखाली संसार थाटावा लागला असता. पेट्रोलचं इंजिन जड, तेलकट आणि सदा कुरकुरणारं. विजेची मोटार मात्र त्याच्या घरची. लांबलचक पंखांचं हलकं विमान बांधायचं, मोटार फक्त वर चढेपर्यंत चालवायची, मग ती बंद करून घारीसारखं नुसतं तरंगायचं. एका उड्डाणाला वीज लागणार आठवडाभराच्या इस्त्रीएवढी. महाग होती ती बॅटरी. तीसुद्धा त्याने मोडीत निघालेल्या स्कूटरींमधले सेल एकेक तपासून जमवली. आणि उडायला शिकण्याची फी? सहा वर्षं दर रविवारी ग्लायडर क्लबात जाऊन त्याने लोकांची ग्लायडरं ढकलली, धुतली, पुसली आणि त्याच्या बदल्यात शिकून घेतलं.

बायको औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. तिने पहिल्याच दिवशी त्याला उलटतपासणीला घेतलं होतं.

"यात सामान किती मावतं?"

"सामान नाही मावत."

"माणसं?"

"एक. मीच."

"आणि जाणार कुठे?"

"वर."

"मग?"

"मग खाली. जिथून निघालो तिथेच."

"म्हणजे एवढा खटाटोप करून तुम्ही घरीच येणार," ती म्हणाली. "ते तर तुम्ही आत्ताही आहात."

यावर वाइंडरला उत्तर सुचायला नऊ वर्षं पुरली नाहीत. त्याने तेवढ्या काळात विमान मात्र बांधलं.

खरी गोम वजनात होती. रिकामं विमान बॅटरीसकट एकशे वीस किलोच्या आत बसलं, तर ते कागदोपत्री खेळण्यातलं समजलं जायचं, क्लबाच्या एका शिक्क्यावर उडवता यायचं. एक ग्रॅम वर गेला की ते खरंखुरं विमान. मग परवाना, विमा, दरवर्षीची तपासणी, आणि या सगळ्याची फी अशी की तेवढी भरू शकणारा माणूस पंखे दुरुस्त करत बसला नसता. म्हणजे नऊ वर्षं पाण्यात. म्हणून घरात ग्रॅमचं राज्य आलं. बायकोने दुकानातला जुना वजनकाटा आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि प्रत्येक स्क्रू, प्रत्येक बिजागरी त्यावर चढवून वहीत लिहायला लागली. तिचा विमानाला विरोध होता तो होताच. पण चुकीचं वजन तिला त्याहून सहन व्हायचं नाही. "हे सहा ग्रॅमचं वॉशर कशाला?" असं ती ज्या आवाजात विचारायची, त्या आवाजापुढे वाइंडर निमूटपणे वॉशर परत डबीत टाकायचा. सीटची गादी अशीच गेली. बूड दुखेल ते दुखेल.

सगळं जुळत आलं आणि रंगकामाला मेव्हणा आला. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पेंटर. हात सोन्याचा, पण एक खोड: रंगाचा एकच हात देऊन काम सोडणं म्हणजे त्याला अर्धी दाढी करून सोडल्यासारखं वाटायचं. वाइंडरने त्याला दहा वेळा बजावलं होतं, एकच हात. वाइंडर दुकानात गेला आणि पेंटरने प्रेमापोटी दुसरा मारला. विमान असं चमकायला लागलं की वाइंडरच्या तोंडचं पाणीच पळालं.

"दाजी, बहिणीच्या घरचं काम आहे, एका हातात कसं उरकू?"

"अरे, किलोभराच्या वर रंग चढवलास!"

बायकोने भावाच्या हातात सँडपेपर कोंबला. तीन दिवस तो घासत बसला आणि चौथ्या दिवशी पांढऱ्या भुवयांनी येऊन म्हणाला, "निघाला सगळा." वहीतली बेरीज एकशे एकोणीस किलो दोनशे ग्रॅमवर परत आली. आठशे ग्रॅम हातात. वाइंडर त्या दिवशी शिट्टी वाजवत अंघोळीला गेला.

तपासणीच्या सकाळी क्लबाच्या शेडमध्ये तपासनीसबाई आल्या. जाड चष्मा, सोबत चार सपाट वजनकाटे, हसण्याची सवय नाही. विमान काट्यांवर चढलं. बाईंनी आकडे मांडले, पुन्हा मांडले आणि पेनाचं टोपण लावलं.

"एकशे वीस किलो, चारशे साठ ग्रॅम."

वाइंडर काट्यावर वाकला. "बाई, काटा..."

"काटा काल तपासलाय."

"पण वही आहे आमच्याकडे! एकेका स्क्रूची!"

"वही उडणार नाहीये," बाई म्हणाल्या. "एक वाजेपर्यंत मी इथे आहे. तोवर काय काढायचं ते काढा."

काढणार काय? जे निघण्यासारखं होतं ते सगळं बायकोच्या वहीने आधीच काढून टाकलेलं होतं. वाइंडरने चाकावरचं झाकण खोलायला घेतलं, तेवढ्यात त्याची नजर मेव्हण्याकडे गेली. पेंटर शेडच्या छताकडे बघत होता. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. वाइंडर वाकून पंखाखाली शिरला आणि त्याने खालच्या बाजूवरून बोट फिरवलं. गुळगुळीत, चकचकीत, आरशासारखं.

"इथला घासला नाहीस?"

"दाजी," पेंटर कळवळून म्हणाला, "वरची बाजू कोण बघणार? तुम्ही उडाल तेव्हा लोक खालूनच बघणार ना! माझं नाव जाईल हो."

आता पंख घासायला निदान दीड दिवस हवा, आणि घड्याळात साडेबारा. वाइंडर पंखाखालीच बसून राहिला. त्याला रडू यायला लागलं होतं आणि ते मेव्हण्यासमोर येऊ नये म्हणून तो नाक चोळत होता.

तेव्हा बायको पुढे झाली. कुणाशी न बोलता तिने कॉकपिटमध्ये हात घातला, सीटच्या पाठीमागचं कापड उसवलं आणि आतून एक निळी पिशवी बाहेर काढली.

"सहाशे वीस ग्रॅम," ती म्हणाली. "मीच ठेवली होती. आठशे शिल्लक होते म्हणून."

वाइंडर बघतच राहिला. सहा ग्रॅमच्या वॉशरसाठी दोन दिवस अबोला धरणारी बाई ही.

"काय आहे त्यात?"

"काही नाही. बँडेज, शिट्टी, बिस्किटं, पाणी. असंच."

"तू? तू वजन वाढवलंस?"

"मग काय करायचं होतं? तुम्ही वर जाणार आणि मी खाली वही धरून उभी राहणार?" तिचा आवाज चढला. "बघत काय बसलात? वजन करायला सांगा!"

एकशे एकोणीस किलो, आठशे चाळीस. तपासनीसबाईंनी शिक्का मारला. त्यांचं पेन खिशात जाईपर्यंत बायकोने ती पिशवी वाइंडरच्या जाकिटात आत कोंबून वरून चेन ओढलीही होती.

"अहो, ही नियमात..." त्याने बाईंकडे बघितलं.

"मी विमान तपासते, नवरे नाही," बाई म्हणाल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

आणि वाइंडर उडाला. मोटार बारा मिनिटं चालवायची असं ठरलं होतं. आठव्याच मिनिटाला त्याने ती बंद केली, कारण गिऱ्हाइकांना तो पस्तीस वर्षं हेच सांगत आला होता: गरम व्हायच्या आत बंद करा. मग आवाज थांबला. नुसता वारा. खाली आपली गल्ली असेल, आपलं दुकान असेल, आणि आपण चक्क इथे, या विचाराने तो एकटाच मोठ्याने हसला. अर्धा तास तरंगला. विमान खाली खाली येऊ लागलं तेव्हाही त्याने मोटार लावली नाही. बॅटरी वाचत होती ना! ती लावावी असं शेवटी वाटलं तेव्हा खालची झाडं फार जवळ आली होती, आणि क्लब भलत्याच बाजूला राहिला होता. तो शिकवल्याप्रमाणे सपाट हिरवळ शोधून तिच्यावर उतरला.

ती हिरवळ लाद्या कापून विकायची होती. एका रोपवाटिकेची. माळीणबाई हातात पाण्याचा पाइप घेऊन धावत आल्या. वाइंडर खिसे चाचपू लागला. फोन मेव्हण्याकडे, व्हिडिओ काढायला दिलेला. त्याने जाकिटाची चेन उघडून पिशवी बाईंच्या हाती दिली. बिस्किटांच्या वर एक चिठ्ठी होती. बाईंनी ती मोठ्याने वाचली:

"हा माणूस सापडल्यास खालच्या नंबरवर कळवावे. विमानाबद्दल बोलत सुटेल, घाबरू नये. मोटार गरम होईल म्हणून बंद केली असेल. बिस्किटं द्यावीत. न्यायला मी येते."

वाइंडरने चिठ्ठी घेतली आणि पुन्हा वाचली. मागे तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा विमानाला पंखही नव्हते. मग तो त्या विकायच्या हिरवळीवर बसून बिस्किटं खात रडला, आणि या वेळी नाक चोळायचंही त्याला सुचलं नाही.

तासाभराने गाडी आली. मेव्हणा उतरून आधी पंखाखाली वाकला, ओरखडा पडलाय का बघायला. बायकोने नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत दोनदा बघितलं.

"बॅटरी केवढी वाचली!" वाइंडर म्हणाला.

"वाचलात तुम्ही," ती म्हणाली आणि पर्समधून वही काढली. "एकशे साठ ग्रॅम शिल्लक आहेत ना? त्यात फोन बसतो. पुढच्या वेळी तो विमानातच शिवणार आहे मी."