हुसेनसाब ऐकतात तेव्हा

सोलापूरच्या भवानी पेठेत कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की घरचे दोन प्रश्न विचारतात. पहिला, कागदपत्रं नीट आहेत का. दुसरा, हुसेनसाबनी ऐकली का. पहिल्याचं उत्तर थोडं इकडंतिकडं झालं तर चालतं. दुसऱ्याचं मात्र चालत नाही.

ऐकायची रीत ठरलेली आहे. हुसेनसाब गाडी सुरू करायला सांगतात. लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात, त्याची मूठ उजव्या कानाला लावतात आणि डोळे मिटतात. तेवढा वेळ गॅरेजमध्ये कुणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. चहावाल्यानं पेले वाजवायचे नाहीत, खोकला आला तर रस्त्यावर जाऊन खोकायचं. एकदा एका पुढाऱ्याचा फोन ऐन वेळी वाजला, तर हुसेनसाबनी डोळे न उघडता हातानंच त्याला बाहेरचा रस्ता दाखवला होता. पुढारी गेला, आणि फोन बंद करून परत आला. मिनिट-दोन मिनिटांनी हुसेनसाब डोळे उघडणार आणि ‘घे’ किंवा ‘सोड’ असा एक शब्द टाकणार. त्या एका शब्दावर पेठेत आजवर शेकड्यांनी गाड्या इकडच्या तिकडे झाल्या असतील.

मी चन्नवीर. इथल्या एका पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवतो, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. नोकरीला लागलो त्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी हुसेनसाबांच्या गॅरेजमध्ये चहाला जातो. गाड्यांच्या धुराचे नियम कसे कडक होत गेले, ते मी फळ्यावर लिहीत आलो. भारत स्टेज दोन, मग तीन, मग चार. पाच गाळून सरकारनं एकदम सहा आणली, तेव्हा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “सर, पाचचा पेपर फुटला का?” वर्ग हसला, मीही हसलो. हुसेनसाबांच्या धंद्याचं काय होणार, हे त्या दिवशी माझ्या मनात आलंच नाही.

त्यांची आणि माझी एक जुनी खुन्नस आहे, म्हणजे माझ्या बाजूनं आहे. त्यांना तिचा पत्ताही नसावा. सतराएक वर्षांपूर्वी मी पोरांना घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. सोबत कॉलेजचं धूर मोजायचं यंत्र होतं. नातेपुत्याचा एक पिकअप तिथं उभा होता, तो मी तपासला. यंत्रानं चिठ्ठी दिली, गाडी पास. मी ती पोरांना ऐटीत दाखवली. हुसेनसाबनी स्क्रूड्रायव्हर लावला, ऐकलं आणि म्हणाले, “सर, कागद बरोबर हाय तुमचा. पर तिसरा नोझल आठ दिवसांत जाणार.” नवव्या दिवशी तो पिकअप नातेपुत्याच्या भर बाजारात काळा धूर ओकत उभा राहिला. ही बातमी पोरांनीच मला आणून दिली, आणि ती देताना त्यांना झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही. इतक्या वर्षांनी हे कशाला उकरतो, तर पुढं जे घडलं त्यात या कुसळाचाही हात आहे.

स्टेज सहाच्या गाड्या आल्या आणि सगळंच बदललं. सायलेन्सरमध्ये काजळी जाळायची सोय आली, नळीनळीवर सेन्सर आले. बिघाड काय आहे ते गाडीला यंत्र जोडून पडद्यावर वाचायचं. हुसेनसाब म्हणायचे, “आता गाडी सोताच सांगती, मला काय हुतंय ते. कधीकधी थापाबी मारती.” त्यांच्याकडे जुन्या डिझेल गाड्या तेवढ्या उरल्या. त्यांचीही वयं संपत आली होती. गॅरेजच्या मधोमध डिझेल पंप तपासायचं मोठं हिरवं यंत्र होतं. तिशीत असताना त्यांनी ते मोठ्या हौसेनं आणलेलं. हळूहळू त्यावर जास्त करून टॉवेल वाळायला लागले. मग पेठेत आवाज न करणाऱ्या रिक्षा आल्या. त्या गॅरेजवरून जायच्या आणि हुसेनसाबना कळायचंही नाही. एरवी गाडी कोपऱ्यावर असतानाच, ती कुणाची, हे सांगणारा हा माणूस.

अशात, दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, सुंदरम्मा आली.

सुंदरम्माच्या घरात मागच्या खोलीत दोन यंत्रमाग होते. टॉवेल विणायची. काम येईनासं झालं तेव्हा तिनं दोन्ही माग भंगारात घातले, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी रिक्षाचं लायसन काढलं. घरचे हसले, गल्ली हसली. ही बाई मात्र पहिल्या फटक्यात पास झाली. शाळेची पाच मुलं न्यायची-आणायची, असं पाच घरांशी तिनं गाडी घ्यायच्या आधीच बोलून ठेवलं होतं. गाडी सयाजीची. सयाजी चिंचोळी एमआयडीसीत कामगारांची ने-आण करायचा. त्याला आता मोठी गाडी घ्यायची होती, म्हणून तो ही बॅटरीवरची रिक्षा काढत होता.

“चाचा, तुमी ऐका. तुमी व्हय म्हनला तरच घेनार,” सुंदरम्मा म्हणाली.

शनिवार होता. मी बाकड्यावर होतो. आजूबाजूला नेहमीची सात-आठ माणसं. बॅटरीची गाडी ऐकून घ्यायला आजवर कुणी आणली नव्हती, त्यामुळं सगळ्यांनाच उत्सुकता होती.

“सुरू कर,” हुसेनसाब म्हणाले.

“सुरूच हाय की,” सयाजी म्हणाला.

माणसं हसली. हुसेनसाब हसले नाहीत. त्यांनी मागची चाकं जॅकवर उचलायला लावली, सयाजीला मूठ पिळायला सांगितली आणि मोटरवर स्क्रूड्रायव्हर टेकवून डोळे मिटले. गॅरेज गप्प झालं.

मला तेव्हाच कळलं होतं की इथं ऐकण्यात अर्थ नाही. मोटर सहसा बिघडत नाही. असल्या गाडीचा जीव बॅटरीत, आणि बॅटरी म्हातारी झाली तरी कण्हत नाही. ती पूर्ण भरायची, गाडी संपेपर्यंत पळवायची आणि किती किलोमीटर गेली ते बघायचं. नाहीतर यंत्र लावून वाचायचं. तेही नको असेल तर सयाजीला एवढंच विचारायचं, बाबा, एका चार्जिंगमध्ये आता किती जाते? हा धडा मी गेली तीन वर्षं शिकवत होतो. एका वाक्याचं काम होतं.

तेवढ्यात हुसेनसाबनी डोळे उघडले. स्क्रूड्रायव्हर कानालाच होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. क्षणभर बघितलं असेल. मी खाली चहाकडं बघितलं.

ऐकताना बोलायचं नाही हा त्यांचा नियम, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. खरं ते सांगतो. माझ्या मनात तो नातेपुत्याचा पिकअप होता. बघू या, म्हटलं, आता कान काय सांगतो. एवढं शिकलेला माणूस, पंधरा वर्षं एक चिठ्ठी खिशात घेऊन फिरत होतो.

हुसेनसाबनी पुन्हा डोळे मिटले, मागच्या ॲक्सलवरही ऐकलं आणि उभे राहिले. “मोटर चांगली हाय. बेरिंग चांगलं. मागचे गिअरबी चांगले. घे.”

ते बोलले त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. सुंदरम्मानं गाडीला हळदकुंकू लावलं, हुसेनसाबना पेढा दिला, मलाही दिला. मी तो खाल्ला.

मार्च कसाबसा निघाला. एप्रिलच्या उन्हात बॅटरीनं मान टाकली. मीटर साठ टक्के दाखवायचं आणि पाच मिनिटांत शून्यावर यायचं. एकदा भर बारा वाजता रेल्वेच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली, आत पाच लेकरं. सोलापूरचा एप्रिल, वर आभाळ तापलेलं, खाली डांबर. सुंदरम्मानं आपली ओढणी लेकरांच्या डोक्यावर धरायला दिली आणि एकटीनं रिक्षा ढकलत सावलीला आणली. एका मुलीला उलटी झाली. तिचा बाप मोटरसायकलवरून आला आणि चारचौघांत सुंदरम्माला नाही नाही ते बोलला. असं तीनदा झालं. मग पाचही घरांनी मुलं दुसऱ्या रिक्षात घातली. त्यांनाही काय बोलणार? पोटची लेकरं होती.

पुढच्या शनिवारी दुसऱ्या रिक्षामागं दोरी बांधून सुंदरम्मानं आपली गाडी गॅरेजला आणली. आता ही कडाकडा भांडणार, म्हणून आम्ही सगळे सावरून बसलो. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

“चाचा, परत एकदा ऐका की,” ती म्हणाली. “मदीच कायतरी बिगडलंय बगा. त्या दिवशी तर चांगली हुती न्हवं? तुमीच ऐकलेली.”

हुसेनसाबनी स्क्रूड्रायव्हर घेतला. माणसं सवयीनं गप्प झाली. ते रिक्षामागं बसले, टोक मोटरपर्यंत नेलं, आणि हात तिथंच थांबला. मग स्क्रूड्रायव्हर जमिनीवर ठेवून उठले.

“सुंदरम्मा, मला ह्यातलं काय कळत न्हाय,” ते म्हणाले. “त्या दिवशीबी कळलं न्हवतं. जेवढं ऐकू आलं तेवढं सांगितलं, आन घे म्हणून बसलो. तुझी काय चूक न्हाय. चूक माझी.”

सुंदरम्माला ते पटकन उमजेना. तिनं आमच्या तोंडांकडं बघितलं, पुन्हा त्यांच्याकडं बघितलं. “अय्यो, मग घे का म्हनला, चाचा?”

“समदी वाट बघत उभी हुती. कळत न्हाय म्हणायला जीभ वळली न्हाय.”

ती मटकन बाकड्यावर बसली, माझ्या शेजारीच. तिच्या हाताला रबर जळाल्यासारखा वास येत होता, दोरीनं तळवे सोलले होते. मी काहीतरी बोलायला हवं होतं. आता तर गाडी ऐकायची चाललेली नव्हती, नियमही आड येत नव्हता. तरी मी बोललो नाही. अर्धा चहा तसाच ठेवून घरी गेलो, आणि जेवताना बायकोवर उगीच डाफरलो.

महिनाभरात ते हिरवं यंत्र गॅरेजमधून गेलं. सुंदरम्माचे माग ज्या दुकानात गेले होते, त्याच दुकानात. त्याच्या जागी फरशीवर चौकोनी फिकट डाग राहिला. सुंदरम्माच्या रिक्षात नवी बॅटरी बसली, ती बसवायला हुसेनसाबनी चिंचोळीहून एक तंत्रज्ञ बोलावला होता. तो काम करत होता तेवढा वेळ हे जवळ उभे होते, हात मागं बांधून. सुंदरम्मा आता मंडईच्या भाड्यावर रिक्षा चालवते. शाळेची मुलं तिला पुन्हा मिळाली नाहीत.

आणि हुसेनसाबांचं? पेठेनं त्यांच्या खरेपणाचा निकाल आपल्या पद्धतीनं लावला. एवढ्या मोठ्या मिस्त्रीला कळत नाही, हे लोकांना मानवेना. त्यांनी सोपं कारण शोधलं. म्हातारा बहिरा झाला. पन्नास वर्षं डिझेल इंजिनाला कान लावल्यावर दुसरं काय होणार, असं चहाच्या टपरीवर अगदी शास्त्र सांगितल्यासारखं बोलायला लागले. ज्यांच्या गाड्या डिझेलच्या होत्या, जिथं हा कान अजून शंभर नंबरी होता, त्यांनीही येणं सोडलं. त्यांच्या पत्नी, गुलबानो, एकदा मला रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, “लोक मला सांगत्यात, ह्यांना कानाचं मशीन लावा. अवो, मी रातीला कूस बदलली तरी ह्यांना कळतं!” हसत होत्या, पण डोळे भरलेले.

मी तीन-चार शनिवार गेलोच नाही. कॉलेजात आमच्या विभागाचं नाव बदलायचं चाललं होतं, त्यात ‘इलेक्ट्रिक’ शब्द घालायचा होता. बैठकीत मी उद्याच्या गाड्यांवर अर्धा तास बोललो, सगळ्यांनी वाहवा केली. खुर्चीत बसलो आणि मला माझीच किळस आली. तसाच उठून गॅरेजला गेलो.

हुसेनसाब एकटेच होते. एक जुना पंप खोलून बसले होते. कुणाचाच नव्हता तो, नुसता हाताला चाळा. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. मी बसलो नाही.

“हुसेनसाब, एक सांगायचंय,” मी म्हणालो. “त्या दिवशी बॅटरी बघायला पाहिजे होती. कशी बघायची तेही मला माहीत होतं. मी बोललो नाही.”

त्यांनी हातातला स्प्रिंगचा तुकडा पुसला, वर धरून बघितला, ताटलीत ठेवला.

“ठावं हाय, सर.”

“ठाऊक आहे? कसं?”

“तुमी तीन वर्सं तेच शिकवताय, तुमची पोरं हितं येऊन सांगायची की. म्हणून तर तुमच्याकडं बघितलं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “तुमी सव्वीस वर्सं हितं बसताय. मी ऐकताना कधी डोळं उघडलेलं बघितलंय का?”

बाहेरून एक टेम्पो गेला. हुसेनसाबनी सवयीनं मान तिकडं कलती केली आणि पुन्हा पंपाकडं वळले.

नव्हतं बघितलं. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. आणि हे मला त्या दिवशीच, चहाच्या पेल्याकडं बघताना, पक्कं माहीत होतं.