माय, कुठी चालली?

आधी मळेवाल्या मायचं सांगते, मग माझं. तिचं नाव लिहीत नाही. "माह्यं नाव नोको टाकू कागदात," असं तिनंच एकदा बजावलं होतं. गावाच्या कडेला तिचा वांग्यांचा आणि सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, मळा. तिथली अवजारं ठेवायची खोली तिनं मला राहायला दिली, आणि सकाळची भाकर. पण मी आज लिहायला बसले ते तिच्या एका सकाळीसाठी.

मी समुद्राकाठची. सातवीतून काढून लग्न लावून दिलेली. नवरा रस्त्याच्या कामावर, म्हणून मंगरूळपीरकडच्या त्या गावात येऊन पडले. एका सकाळी तो पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर पडला. निघणाऱ्याला 'कुठे' म्हणून विचारू नये, काम होत नाही, असं आमच्याकडे मानतात, आणि तिकडेही तेच. मी विचारलं नाही. तो परत आला नाही. चार महिने झाले, साधं कार्डही नाही. माहेरी जायला तोंड नव्हतं, गाडीभाडंही नव्हतं.

शाळेत दुसरीच्या बाई बाळंतपणाला गेल्या आणि बदली कोणी येईना, तेव्हा सरपंचांनी मला वर्गावर बसवलं. तपासणीचे साहेब येतील, पोरांचं लिहिणं बघतील. बरं दिसलं तर बाई येईपर्यंत राहा, नाही तर मग बघू, म्हणाले. 'मग बघू' म्हणजे काय ते मला कळत होतं.

धडा प्रश्नचिन्हाचा होता. मी फळ्यावर विळा काढला, खाली ज्वारीचा दाणा ठेवला. आपण काही विचारलं की शेवटी हा विळा, असं सांगितलं. म्हटलं, चला, मला काहीही विचारा. शेवटी पुढच्या रांगेतली, नाकात काडी घातलेली एक मुलगी उठली.

"बाई, तुमचे घरवाले कुठी गेले?"

मी तिच्या गालावर चापट मारली.

ती रडली नाही. खाली बसली. पण त्यानंतर एकाही पाटीवर विळा उमटेना. फळ्यावरचं बघून उतरवतानासुद्धा पोरं शेवटी टिंब देऊन मोकळी व्हायची. मी समजावलं, गोळ्या वाटल्या, हात जोडले. साहेब यायला सहा दिवस उरले होते, मग चार, मग दोन. जेवण जात नव्हतं. विहिरीवर पाणी शेंदायला गेले की आत वाकून बघत राहायचे, आणि मग स्वतःचीच भीती वाटून घागर अर्धी घेऊन परतायचे.

त्या संध्याकाळी मायपुढे रडले. सगळं सांगितलं, चापटसुद्धा. ती बाजारासाठी वांगी निवडत होती.

"पोरीनं इचारलं त मारलं काहून?" ती म्हणाली. "तुले सांगता येत नाही, हा तिचा गुन्हा हाय काय?"

आणि ती पुन्हा वांगी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मंगरूळचा बाजार. बाजाराच्या दिवशी माय कोणाच्या तोंडाकडे न बघता फाट्यावर मोटार गाठायची. वाटेत कोणी 'कुठी' म्हटलंच, तर घरी परतून, टोपली उतरवून, पाणी पिऊन पुन्हा निघायची. सख्ख्या जावेनं एकदा विचारलं म्हणून तिच्याशी महिनाभर अबोला धरलेला. त्या सकाळी मात्र ती भरली टोपली डोक्यावर घेऊन थेट वर्गाच्या दारात उभी राहिली.

"पोट्टेहो, इचारा मले, मी कुठी चालली."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांनाही घरी बजावलेलं होतंच. मी म्हटलं, माय, राहू दे. तिनं हातानंच मला गप्प केलं आणि त्या मुलीकडे बघितलं. "तू इचार वं. मी नाही मारत."

मुलगी उठली. नजर माझ्यावर, एक हात गालावर.

"माय, कुठी चालली?"

"मंगरूळले. अजून इचारा."

मग एकानं टोपलीत काय हाय ते विचारलं, दुसऱ्यानं वांगे किती, कोणी विचारलं, तुही मान नाही दुखत काय. माय एकेकाला उत्तर देत राहिली. मी त्यांचं विचारणं फळ्यावर लिहीत गेले, पोरं पाट्यांवर. आपापल्या प्रश्नाचा विळा ज्याला त्याला स्वतःच काढायचा होता. तेवढ्यात फाट्यावर मोटारीचा भोंगा वाजला आणि मोटार निघून गेली. "जाऊ दे," म्हणून माय पायीच चालू लागली. मंगरूळ तीन कोस.

संध्याकाळी तिनं सांगितलं, इकलं सारं. सकाळी मी गोठ्याकडे गेले तर म्हशीपुढे वांगी पडली होती, आणि पिवळा झालेला सांबार.

साहेब आले. पाट्या बघितल्या, ठीक आहेत म्हणाले. मग मुलांना म्हणाले, आता मला काही विचारा. तीच उठली.

"साहेब, आमच्या बाईले ठेवता काय?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. शेरेबुकात काहीतरी लिहून गेले. बाई परत येईपर्यंत मी त्या वर्गावर राहिले. साहेबांची जीप गेल्यावर मुलीजवळ खाली बसले आणि तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मला माहीत नाही, म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि पाटी पुसायला लागली.

मायनं त्या टोपलीचा शब्द कधी काढला नाही. मीही गोठ्यात काय बघितलं ते सांगितलं नाही. आता तिला डोळ्यांनी दिसत नाही, बाजार सुटला, असं कळतं. मी पुन्हा लांब आहे. पण एका बाजाराच्या दिवशी मी त्या मळ्यावर जाणार आहे. टोपली माझ्या डोक्यावर घेईन, तिचा हात धरून तिला मंगरूळला नेईन, आणि शेवटचं वांगं विकलं जाईपर्यंत जागची उठणार नाही.