तिसऱ्या बेसवरचे खाडे

आमच्या घरात तीन वर्षं एक खोटं राहत होतं. चाळीस मिनिटांचं. ते बोलले मी. सासरे गेले त्या रविवारी नवऱ्याने विचारलं, "कधीपासून दुखत होतं बाबांना?" मी म्हणाले, "अँब्युलन्सला फोन केला ना, त्याच्या दहाएक मिनिटं आधी." दहा नव्हती, पन्नास होती. उरलेली चाळीस मिनिटं मी एका बेसबॉल खेळाडूची वाट बघत बसले होते.

हसू येईल कुणालाही. मला क्रिकेटमधलंसुद्धा ओ की ठो कळत नाही, तिथे बेसबॉल कुठला. पण इथे न्यूझीलंडात, वेलिंग्टनच्या ऑफिसातला आमचा टीम लीड अमेरिकन होता आणि दर मार्चमध्ये तो आठ जणांना गोळा करून एक खेळ मांडायचा. प्रत्येकाने खऱ्या बेसबॉल खेळाडूंमधून आळीपाळीने एकेक निवडून स्वतःचा कागदी संघ बांधायचा. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला नाही. मग ते खेळाडू तिकडे अमेरिकेत खरोखर जसे खेळतील तसे इकडे आपल्याला गुण. मी नवी होते, जेवणाच्या सुट्टीत डेस्कवरच डबा उघडायचे, आणि "तू आमच्यात मिसळत नाहीस" असं गोड शब्दांत ऐकूनही झालं होतं. म्हणून हो म्हटलं. पहिल्या वर्षी शेवटून पहिली आले.

दुसऱ्या वर्षापर्यंत सासरे आमच्याकडे आले होते. सासूबाई गेल्यावर चिंचवडच्या फ्लॅटमध्ये एकट्याने काय करणार, म्हणून नवऱ्याने त्यांना वेलिंग्टनजवळ, आमच्याकडे लोअर हटला आणलं. आणलं आणि तो कामाला लागला. बापलेकांचं बोलणं म्हणजे आज वारा फार आहे आणि आमटीत मीठ कमी आहे, एवढंच. भांडण नव्हतं. दोघांनाही बोलायची सवय नव्हती, आणि मध्ये बोलणारी बाई गेली होती. माझ्याशी मात्र ते बोलायचे.

एका शनिवारी जेवणाच्या टेबलावर माझे कागद पसरलेले त्यांनी पाहिले.

"हे काय गं?"

"तिसऱ्या बेसवर उभे राहणारे खेळाडू, बाबा. कोण वरचा, कोण खालचा, असा क्रम लावायचाय."

"म्हणजे उभे कुठे राहतात?"

मी चित्र काढून दाखवलं. मारलेला चेंडू तिथे फार जोरात येतो, आणि हे लोक त्याच्यावर आडवे पडतात, असं मला टीम लीडने सांगितलं होतं, ते मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, यादीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यांचे खाडे कुठे लिहिलेत?"

सासऱ्यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये उभं आयुष्य काढलं होतं. कोण आला, कोण उशिरा आला, कोणी खाडा केला, हे मस्टरवर लिहिणं त्यांचं काम. माणसाची परीक्षा त्यांच्या लेखी तिथेच सुरू व्हायची आणि तिथेच संपायची. आमच्या लग्नाआधी माझ्या वडिलांना त्यांनी माझ्या शिक्षणाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. शाळेत सुट्ट्या किती घ्यायची, हे मात्र विचारलं होतं.

"अहो, पण हा बघा, मारतो किती," मी एका नावाजलेल्या खेळाडूवर बोट ठेवलं.

"मारेल. आणि पाय मुरगळून दोन महिने घरी बसला, तर त्या मारण्याचं लोणचं घालायचंय का?"

अशी आमची यादी हजेरीवर लागली. ज्याचे खाडे कमी, तो वर. ऑफिसात सगळे हसले. त्या वर्षी मी दुसरी आले, मग हसणं थांबलं.

पुढचे तीन मार्च असेच गेले. जानेवारीतला इकडचा उन्हाळा लागला की ते सँडल काढून ठेवून जांडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, अडकवायचे, लायब्ररीत जायचे आणि तिथे छापलेले कागद घेऊन यायचे. लाल पेन्सिलीने खाड्यांवर खुणा. पहिला बेस, दुसरा बेस, बाकीच्या जागा मी बघायच्या. तिसरा बेस त्यांचा. माझी लेक खांद्यावरून डोकावून म्हणायची, "आजोबा, युअर गाय इज सो बोरिंग." ते म्हणायचे, "बोरिंग माणसंच कामावर येतात, बाळा." तिला मराठी समजायचं, ती उत्तर इंग्रजीत द्यायची, त्यांना इंग्रजी समजायचं, ते उत्तर मराठीत द्यायचे. दोघांचं छान चाललं होतं. नवरा लांबून बघायचा. एकदा त्याने विचारलंही, "बाबा, मी काही बघू का?" "नको, तुला कामं असतात," ते म्हणाले. त्यांनी ते काळजीपोटी म्हटलं होतं. तो उठून गेला.

त्यांचा दुसरा नियम थांबण्याचा. निवडीच्या पहिल्या दोनतीन फेऱ्यांत सगळे नावाजलेल्यांच्या मागे धावतात. आपल्या माणसाकडे कोणी बघत नाही. सहाव्या फेरीपर्यंत थांबायचं, मग उचलायचा. त्या शेवटच्या वर्षी त्यांचा पहिला नंबर होता तिशी ओलांडलेला एक शांत माणूस. फोटोत बँकेतल्या कारकुनासारखा दिसायचा, आणि दोन वर्षांत त्याने जवळजवळ खाडाच केला नव्हता.

निवडीचा दिवस रविवार. सकाळी अकराला, सगळ्यांची आपापल्या घरून ऑनलाइन सुरुवात. नवरा लेकीला पोहायला घेऊन गेला होता. तिचे टॉग्ज, पोहायचे कपडे, विसरले म्हणून दारातून परत आला, तेव्हा बाबा लॅपटॉपसमोर माझ्या शेजारी पेन्सिल घेऊन बसलेले त्याने पाहिले. "ऑल द बेस्ट," तो म्हणाला. बाबांनी हात वर केला.

पहिली फेरी संपता संपता ते छाती चोळायला लागले.

"काय होतंय?"

"पित्त. सकाळचा वडा."

वडे मी केले होते. मी थंड दूध दिलं, त्यांनी अर्धा कप घेतलं. आमच्या घरांत छातीत दुखलं की ते पित्तच असतं. माझ्या माहेरीही तेच, सासरीही तेच. पित्ताच्या नावावर आम्ही काय काय खपवतो. मी घड्याळाकडे पाहिलं होतं, कारण प्रत्येकाला निवडायला दीडच मिनिट मिळायचं. अकरा दहा.

तिसऱ्या फेरीत त्यांच्या कपाळावर घाम होता. "खिडकीतून ऊन येतंय," ते म्हणाले. मी पडदा ओढला. मी विचारलंसुद्धा, "बाबा, दवाखान्यात जाऊन येऊ या का?" पण पातेल्यात भात संपलेला असताना पाहुण्याला "अजून वाढू का" विचारतात, तसं विचारलं. नको म्हणावं म्हणून.

"आधी आपला माणूस येऊ दे. मग बघू," ते म्हणाले.

आणि मी थांबले. मला थांबायचंच होतं. चौथ्या फेरीत शेजारच्या टीममधल्या मुलीने दुसराच एक तिसऱ्या बेसचा खेळाडू उचलला, आमचा तसाच राहिला, तेव्हा मी टाळी वाजवली. तेही हसले. मग काय बोललो, काही तरी बोलतच होतो. पाचवी फेरी संपत असताना त्यांच्या हातून पेन्सिल पडली आणि ते म्हणाले, "हाताला मुंग्या आल्यात गं." तेव्हा बारा वाजले होते. तेव्हा मी फोन केला.

अँब्युलन्समधल्या बाईने विचारलं, दुखणं कधी सुरू झालं? मी इंग्रजीत खरं सांगितलं. अकरा दहा. तिने लिहून घेतलं, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. दुपारी बाबा गेले. ओल्या केसांच्या लेकीला घेऊन नवरा धावत आला, आणि त्याने मराठीत तेच विचारलं तेव्हा माझ्याच्याने खरं बोलवेना.

दहाव्यानंतर, मला खेळातून काढा असं कळवायला मी लॅपटॉप उघडला. माझा संघ पूर्ण झालेला होता. तुम्ही उठून गेलात की तुम्ही लावून ठेवलेल्या यादीवरून यंत्रच पुढचा खेळाडू उचलतं, हे मला ठाऊक होतं, विसरले होते. सहाव्या फेरीत त्याने बाबांचा पहिला नंबर उचलला होता. खरंच कोणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. नवरा आला, पाठीवर हात ठेवून उभा राहिला. सांगायची तीच वेळ होती. मी सांगितलं नाही.

त्या माणसाने जूनपर्यंत एकही खाडा केला नाही. मग त्याचं मनगट मोडलं. ऑफिसात सगळे म्हणाले, काढ त्याला, दुसरा घे. मी इतकी कडाडले की टीम लीड त्या दिवशी माझ्याशी बोलायचा थांबला. मोडक्या मनगटासकट तो वर्षअखेर माझ्या संघात राहिला आणि मी पुन्हा शेवटची आले. त्यानंतर मी खेळले नाही. नवऱ्याच्या शेजारी बसले की मात्र ती चाळीस मिनिटं मध्ये येऊन बसायची. त्याला कळलं तर तो मला क्षमा करणार नाही, अशी माझी खात्री होती. मी त्याच्या जागी असते तर केली नसती.

गेल्या वर्षी चिंचवडचा फ्लॅट नावावर करून घ्यायचा होता. एका दुपारी नवरा बाबांची फाइल काढून बसला. मी चहा घेऊन गेले तर टेबलावर दवाखान्याचे कागद. सगळ्यात वर अँब्युलन्सचा. त्या बाईचं अक्षर स्वच्छ होतं.

"मला तुला काही सांगायचंय," मी म्हणाले.

"अकरा दहा," तो म्हणाला.

मी कप खाली ठेवला.

"पहिल्याच आठवड्यात वाचलं मी. सांगशील म्हणून थांबलो होतो."

मी रागाची वाट बघत राहिले. मला राग हवा होता. त्याने कागद सरळ केले, पुन्हा सरळ केले.

"त्यांना दुखलं तेही त्यांनी तुला सांगितलं," तो म्हणाला. "माझ्याशी ते शेवटचं काही बोललेच नाहीत. हात वर केला फक्त." मग शेजारची खुर्ची ओढून, बाबा बसायचे ती, तो म्हणाला, "त्या वेळात काय काय म्हणाले ते सांग. पूर्ण सांग. काही गाळू नकोस."

मी बसले, आणि पहिल्या फेरीपासून सांगायला लागले.